दंडातला उंदीर

जगात ज्याला ज्याला दंड आहे तो प्रत्येक माणूस आपला आहे, असं मनापासून मानणारा गृहस्थ मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. मुळशीतल्या भरे गावचे, तरुणपणी तालमीत घुमलेले, पुढे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो. कुठल्याशा शिबिरात त्यांना कळलं, की ‘मसल’ हा शब्द मूळचा लॅटिन ‘मुस्कुलुस’, म्हणजे छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. तेव्हापासून हा उंदीर त्यांना चावला तो चावलाच.

ताईच्या लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची गोष्ट निघणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या वडिलांचा दंड पकडला. “वाकवा. ह्याला काय म्हंता तुमी?” वडील घाबरून म्हणाले, “बेटकुळी.” “म्हंजी बेडूक! रोमात उंदीर, आपल्याकडं बेडूक!” त्या आनंदात देण्याघेण्याचा विषय राहूनच गेला. आई पुढे कितीतरी वर्षं त्या उंदराचे उपकार मानायची.

आसपास कारखाने आले, तशा मास्तरांनी परसात खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. नव्या भाडेकरूची चौकशी दंडापासून सुरू व्हायची. बिहारच्या एका वेल्डरनं दंड फुगवून “मछली” म्हटलं, तेव्हा मास्तरांनी त्याला कडकडून मिठी मारली आणि मला ऑफिसात फोन केला, “पाव्हणं, मासा घावला!” ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधून फ्रान्सात कसा गेला, तिथून समुद्र ओलांडून इंग्रजीत आणि आता पिरंगुटच्या जिममध्ये कसा पोचला, हे ते वाटेत कुणालाही थांबवून सांगत. आपला मूषक आणि लॅटिनमधला उंदीर ‘मुस’ एकाच आजीची नातवंडं, हे वर. रशियन भाषेतही स्नायूचं नाव उंदरावरूनच आहे, असं मी एका सहकाऱ्याला विचारून कळवलं, तर यांनी आळीत पेढे वाटले. शेजारची म्हातारी पेढा खाता खाता म्हणाली, “मास्तर, येकांदं मांजर न्हाई का त्यांच्यात?”

साऱ्या दुनियेचे दंड धरणाऱ्या या माणसानं चारचौघांत एक दंड मात्र कधी धरला नव्हता, स्वतःच्या बायकोचा. मागच्या वर्षी ताईच्या सासूबाई ओट्यावरून पडल्या आणि हात मोडला. प्लास्टर काढलं तेव्हा हात काडीसारखा झालेला. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम हवा, नाहीतर हात कामातून जाईल. मग मास्तर रोज सकाळी अंगणात त्यांचा दंड धरून बसू लागले. “वाकव. अजून.”

“सोडा की, लोकं बघत्यात.”

“बघू दे.”

भाडेकरू कामाला जाता जाता थांबत. वेल्डर ओरडे, “और थोडा, अम्मा!” आणि एका सकाळी, पाण्याचा तांब्या उचलताना, त्या सुरकुतल्या कातडीखाली काहीतरी हललं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आली बग बेटकुळी!”

त्या स्वतःच्या दंडाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “आमच्यात येगळा शबूद हुता ह्याला. आई म्हनायची. आता आठवंना.”

मास्तरांचा चेहरा उतरला. सासूबाईंचं माहेर धरणापलीकडच्या डोंगरवाडीत. मास्तरांच्या हट्टापायी मी दोघांना गाडीतून घेऊन गेलो. बरीच घरं बंद होती. त्यांच्या एका भावजयीला विचारलं, ती हसून म्हणाली, “बेटकुळीच की! दुसरं काय?” जुनं माणूस कुणी उरलं नव्हतं.

 परतताना गाडीत सासूबाई मास्तरांना म्हणाल्या, अगदी सहज, “लगीन करून आले तवा ठावं हुतं मला. तवा इचारायचं.”

परवा भऱ्याला गेलो. दुपारची वेळ, ओट्यावर दोघं वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मास्तरांनी कुंपणावरच्या एका वेलाकडे बोट दाखवून विचारलं, “ह्याला तुज्या आईकडं काय म्हनायचे?” त्या सांगू लागल्या. नुसतं नाव नाही. तो वेल कुठं उगवायचा, कोण तोडून आणायचं, आई त्याचं काय करायची, सगळं. मास्तर सोललेली शेंग हातात तशीच धरून ऐकत होते. मी फाटकाशी येऊन उभा राहिलोय, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मीही हाक मारली नाही.