सहमतीसाहेबांचं एकमत

सहमतीसाहेबांच्या तोंडून 'विरोध' हा शब्द मी कधी ऐकला नाही. गावकऱ्याने हरकत घेतली की ते तिला सूचना म्हणत, आणि कोणी वैतागून शिवी हासडली तर तो अभिप्राय. एटापल्लीपलीकडच्या आमच्या गावात जंगलाचा आराखडा 'लोकांसोबत बसून' ठरवायला त्यांना वरून धाडलं होतं. त्यांचं खरं नाव आता गावात कोणाला आठवत नाही. बैठका माझ्या शाळेच्या पडवीत होत, म्हणून मला त्यांचा सहवास जरा जास्तच घडला.

ते सगळ्यांना गोल बसवत. "गोलात कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही," असं म्हणत आणि स्वतः खुर्चीत बसत. गुडघे दुखायचे त्यांचे, खोटं कशाला बोलू? मग डोक्यावर मोळ्या वाहून दमलेल्या बाया लोकरीचा गुंडा एकमेकींकडे फेकत. त्या धाग्याने गाव जोडलं जातं म्हणे. तोवर आम्ही सुटे सुटे राहत होतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आराखड्यात ओढ्याकाठच्या मोहाच्या झाडांना कुंपण घालून आत नवी रोपं लावायची होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथली मोहफुलं वेचून गावातली कितीतरी घरं तेलमीठ भागवतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या सोमीबाईची तर सारी भिस्त त्यावरच. तिने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं.

"हे रेघ कोनं ओढली, साहेब?"

"ती चर्चेतून ठरणार आहे, बाई."

"मंग आत्ताच काऊन दिसून राह्यली?"

"फार चांगली सूचना," साहेब म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

आमच्या गावची एक रीत आहे. गोष्ट पटली नाही, तर सभेत लोक गप्प बसतात. त्याचा अर्थ, बोलणं संपलेलं नाही. घरी जाऊ, विचार करू, सकाळी पुन्हा बसू. एकाचंही मन अडलं असेल तर गाव पुढे जात नाही. मी हे साहेबांना चहा पिताना नीट समजावलं होतं. "किती समृद्ध परंपरा!" म्हणाले, आणि अजून थोडी साखर मागितली.

शेवटच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "कुंपणाला कोणाची हरकत?" पडवी गप्प. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे एकमत," म्हणाले, आणि टाळ्याही त्यांनीच वाजवल्या. मी उठून म्हटलं, "साहेब, हे लोक नाही म्हणताहेत." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, लोकांच्या वतीने आपण बोलायचं नसतं." जाताना सोमीबाईच्या पाया पडले. माणूस मनाने वाईट नव्हता, आणि याचाच मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव पडवीत हजर होतं, साहेबांनी शिकवलेल्या गोलात. त्यांची खुर्चीही कोणीतरी मांडून ठेवली होती. सोमीबाईने त्यांच्यासाठी भाजलेला मोह पदरात बांधून आणला होता. उन्हं वर चढली तरी गाडी आली नाही. साहेबांना दुसऱ्या जिल्ह्यात एकमत करायला जायचं होतं.

कुंपण मात्र वेळेवर आलं. यंदा मोहफुलं आतल्या आत पडून सडली, आणि सोमीबाई रिकामी टोपली घेऊन तारेबाहेर बसून राहिली. मी म्हटलं, बाई, चला आता घरी. ती उठली नाही.

"त्या साहेबाले फोन लावा, गुरुजी," ती म्हणाली. "म्हना, आमचं बोलनं अजून झालं नाई."