हवालदारांचं मेडल आणि माझे पाच अर्ज

पालघरच्या अख्ख्या किनाऱ्यावर समुद्राशी कायमचं वाकडं असलेला मच्छीमार एकच होता, आणि तो बोईसरला आमच्या कारखान्याच्या गेटवर बसायचा. केळव्याच्या अलीकडच्या एका गावात त्यांचं घर. वडील, चुलते, थोरले भाऊ, सगळे बोटीवर. पण यांना बोट लागायची. किनारा दिसेनासा व्हायच्या आत हे काठावर ओणवे. चुलते म्हणायचे, याला न्या रे बरोबर, हा ओकतो म्हणून मासळी जवळ येते. दोन मोसम असे काढल्यावर वडिलांनीच त्यांना भरतीला पाठवलं. सैन्याने त्यांना जिथे नेऊन ठेवलं, तिथे पाणी म्हणून जे काही होतं ते सगळं गोठलेलं होतं. या गोष्टीचं त्यांना अजूनही समाधान वाटतं. नोकरी संपवून हवालदार म्हणून ते परतले, तरी गावात राहून समुद्राकडे पाठ करूनच बसायचे, आणि काही दिवसांत आमच्याकडे सुरक्षारक्षकांचे प्रमुख म्हणून लागले. मी त्याच कारखान्यात ऑफिसात कारकून होतो. मूळचा जळगावकडचा. नोकरीसाठी बोईसरला आलो तो इथलाच झालो. आम्ही त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. हवालदार म्हटलं की तेच.

गेटवर त्यांचं राज्य होतं. पास विसरलेल्या माणसाला ते आत सोडत नसत, आणि या नियमातून त्यांनी खुद्द मालकांनाही वगळलं नाही. मालक गाडीतून उतरून म्हणाले, अहो, कारखाना माझा आहे. हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला आणि त्याच हाताने नोंदवही पुढे केली. मालकांनी मुकाट्याने नाव, वेळ आणि 'कामाचे स्वरूप' लिहिलं. कामाच्या स्वरूपापुढे त्यांना काय लिहावं ते सुचेना, तेव्हा हवालदारांनीच "देखरेख" असं सांगितलं. उत्तरेकडचे ट्रकवाले त्यांना वचकून असत. "पहले गाडी बंद, फिर मुँह चालू," एवढं एकच वाक्य त्यांना पुरायचं. घरीही तीच शिस्त. वहिनी अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालायच्या. हे ड्युटीवरून आले की कपडे न बदलता ते सगळे पुन्हा लावायचे, एकाच बाजूला तोंडं करून, मधलं अंतर बोटांनी मोजून. "यांना मासं बी सावधानमदी पायजेत," वहिनी मला म्हणाल्या होत्या.

स्वतःला ते कधी 'मी' म्हणत नसत. किनाऱ्यावरची पद्धत म्हणा, पलटणीतली सवय म्हणा, 'आमी'. आमी जेवलो, आमी झोपलो, आमाला ताप हाय. नव्याने आलेल्या कॅन्टीनवाल्याला त्यांनी पहिल्याच दिवशी फोन केला की आमी चहाला येतोय. त्या बिचाऱ्याने पाच कप भरून ठेवले. हे एकटेच आले आणि कुणी वाया घालवू नये म्हणून पाचही प्यायले.

आणि बोलणं लांब. जनरेटर किती वाजता बंद पडला असं विचारलं की ते आदल्या संध्याकाळपासून सुरुवात करणार. वारा कुठून होता, वाणगावहून येणारा फिटर उशिरा का आला, त्याच्या मेव्हण्याचं काय झालं, हे सगळं ओलांडून आपण जनरेटरपाशी पोचायचो. माझा पिंड याच्या नेमका उलट. कारखान्यात माझ्या पत्रांची ख्याती होती. चार ओळींचं इंग्रजी पत्र, एक शब्द इकडचा तिकडे नाही. साहेब लोक माझा मसुदा न वाचता सही करत. या गोष्टीचा मला अभिमान होता, आणि आज हे लिहिताना तो अभिमानच आधी आठवतो.

निवृत्त झाल्यावर हवालदार एक दिवस माझ्या घरी आले. काखेत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात त्यांचं सैन्यातलं पुस्तक. त्या पुस्तकात माणूस कुठे कुठे होता आणि त्याला कोणकोणती पदकं मिळाली याची नोंद असते. त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. बर्फातल्या उंच चौकीवर ठरावीक दिवस काढणाऱ्याला एक मेडल मिळतं. त्याची नोंद तिथे नव्हती. "आमचं मेडल राहिलंय," ते म्हणाले. "कागद म्हणतो, आमी वर गेलोच नाय."

मी म्हटलं, करू की अर्ज. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. खेचरं, रॉकेलचे डबे, वाटेतला पूल, बरोबरचा एक माणदेशातला गडी, त्याचं गाव, त्याची मेंढरं, त्याची आई. मी पेन खाली ठेवून चहा मागवला. तासाभराने मी अर्ज लिहिला: माझ्या अमुक काळातल्या सेवेबद्दल हे पदक मला देय आहे, ते नोंदीत घालावं, ही विनंती. चार ओळी. हवालदारांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात धरून त्याची लांबी पाहिली आणि विचारलं, "सगळं आलं का यात?" मी म्हणालो, मुद्द्याचं सगळं आलं. ऑफिसात लांबण कुणी वाचत नाही.

तीन महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं की आपण त्या चौकीवर असल्याचा उल्लेख उपलब्ध कागदांत सापडत नाही. आम्ही पुन्हा अर्ज केला. असे साडेतीन वर्षांत पाच अर्ज झाले. दर वेळी ते त्या माणदेशातल्या गड्यापासून सुरुवात करायचे, दर वेळी मी मान डोलवायचो आणि दर वेळी तो गडी माझ्या चार ओळींच्या बाहेर राहायचा. मला खरंच वाटायचं की म्हाताऱ्याला छातीवर एक बिल्ला हवाय. त्यात काही वाईट नव्हतं. पण त्यासाठी दुसऱ्या कुणाची गोष्ट कशाला सांगायची, हे मला कळत नव्हतं. पाचव्या उत्तरात लिहिलं होतं की यापुढे या विषयावर पत्रव्यवहार केला जाणार नाही. ते मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी आपलं पुस्तक परत पिशवीत घातलं. मग म्हणाले, पालघरला जाऊ.

पालघरला माजी सैनिकांची कामं बघणारं एक ऑफिस आहे. तिथे टेबलामागे एक निवृत्त सुभेदार बसले होते. शांत माणूस. त्यांनी आमची फाइल पहिल्या पानापासून वाचली. त्या दिवशी मला माझी चार ओळींची पत्रं पहिल्यांदाच तोकडी दिसली. मग त्यांनी चष्मा काढून हवालदारांना विचारलं, तुम्ही वर एकटे गेला होतात का? हवालदार म्हणाले, नाय, आमी दोघं. आणि लगेच, परेडवर सांगावं तसं, त्यांनी त्या दुसऱ्या माणसाचा नंबर, हुद्दा आणि नाव एका दमात म्हटलं, आणि तो वर आजारी पडला तेही.

"मग हे एकाही अर्जात का नाही?" सुभेदारांनी विचारलं. "तो आजारी पडला म्हणजे हॉस्पिटलचा कागद असणार. कुठून आणला, कुणी आणला, सगळं त्यावर असतं. तो कागद त्याच्या नंबराखाली आहे. तुमच्या नंबराखाली शोधून कसा सापडेल?"

सुभेदार माझ्याकडे बघत नव्हते, कारण अर्ज कुणी लिहिले हे त्यांना माहीत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत हवालदार खुर्चीत ताठ झाले.

"आमचीच चूक हाय साहेब," ते म्हणाले. "आमी लिवणाऱ्याला नीट सांगितलं नाय."

त्यांनी मला ते पाच वेळा सांगितलं होतं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी दोनदा विषय काढायला गेलो आणि दोन्ही वेळा कंडक्टर, खड्डा, असलं काहीतरी मध्ये आलं, किंवा मीच ते मध्ये येऊ दिलं. बोईसरला उतरल्यावर ते म्हणाले, उद्या घरी या, सगळं परत सांगतो. रागाचा लवलेश नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून मी मराठीत लिहून घेतलं, ते सांगतील तसं. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. चौकीवरची माणसं कमी पडली म्हणून या दोघांना दुसऱ्या तुकडीतून वर पाठवलं होतं. घाईत निघाले, आणि त्यांच्या जाण्याचा हुकूम कागदावर कधी चढलाच नाही. दोघं एका तंबूत. माणदेशी गड्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तो रोज विचारायचा, आणि ज्या माणसाला समुद्राचं नाव काढलं की मळमळायचं तो माणूस त्याला रोज समुद्र सांगायचा. भरती कशी येते, बोट कशी लोटतात, पापलेट कसं चमकतं. मग एका सकाळी त्या गड्याला धाप लागली, खोकल्याबरोबर फेस येऊ लागला. हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. हवालदारांनी त्याला पाठीला बांधलं आणि आणखी दोघांच्या सोबतीने दिवसभर चालत खाली आणलं. डोळे मिटू नको म्हणून वाटभर ते त्याला समुद्र सांगत राहिले. खालच्या हॉस्पिटलात तो दुसऱ्या दिवशी गेला.

"घरी कागद गेला, तळावर आजारानं वारला म्हणून," हवालदार म्हणाले. "गावात लोक बोलले, स्वैपाकघरात बसून तापानं मेला असंल. त्याच्या आईनं आमाला विचारलं, माझा पोरगा वर बर्फात होता ना रे? आमी म्हटलं, होता. तर म्हणाली, मंग कागदावर का नाय?"

दर वर्षी पावसाळा संपला की हवालदार सुक्या बोंबलांचं एक गाठोडं एसटीने कुठेतरी लांब पाठवायचे, हे मला ठाऊक होतं. कारखान्यात असताना मीच एकदा त्यावर पत्ता लिहून दिला होता. कुणाला पाठवता, हे विचारलं नव्हतं. आता कळलं, आणि हेही कळलं की साडेतीन वर्षं ते 'आमचं मेडल' म्हणत होते ते दोघांचं. मी त्याचं इंग्रजीत 'माझं' करत होतो.

सात पानं झाली. एकही ओळ मी गाळली नाही. सुभेदारांनी वर आपलं पत्र जोडून ती पाठवली. चार महिन्यांनी उत्तर आलं. हॉस्पिटलचा कागद सापडला होता. आणणाऱ्याच्या जागी हवालदारांचा नंबर होता, आणि कुठून आणलं तिथे चौकीचं नाव. दोघांच्याही नोंदीत मेडल घालण्यात आलं होतं. मी ते पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं. ते उभं राहून ऐकत होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि माणदेशात लावला.

मी त्यांच्याकडे बघत होतो, त्यामुळे पलीकडे काय बोलणं झालं ते मला ऐकण्याआधी दिसलं. त्यांनी "कधी?" असं विचारलं आणि ओट्याच्या पायरीवर बसले. म्हातारी गेल्या हिवाळ्यात वारली होती. बायकोला बाळंतपणासाठी माहेरी नेलं होतं, घरात गडबड होती, म्हणून कळवायचं राहून गेलं, असं त्या गड्याचा पुतण्या सांगत होता. शेवटच्या दिवसांतही ती पोस्टमनला हाक मारून विचारायची, म्हणाला.

माझ्यातल्या कारकुनाने तिथेच हिशेब केला. पहिला अर्ज त्या सात पानांसारखा गेला असता, तर तो कागद तिला तीन वर्षं उशाशी ठेवता आला असता. चार ओळींच्या हौसेपायी मी एका न पाहिलेल्या बाईची तीन वर्षं खाल्ली होती.

त्या गड्याचं मेडल घरच्यांना देण्याच्या दिवशी हवालदार तिकडे गेले. कोट घातला, टाय बांधला. मलाही चला म्हणाले. गुडघ्याचं कारण सांगून मी गेलो नाही. पुतण्याने शाळेच्या पटांगणात चार माणसं जमवली होती. सरपंच बोलले, मास्तर बोलले. मग हवालदारांना बोला म्हटलं. ते दीड तास बोलले म्हणे, आणि कुणी उठलं नाही.

परत आल्यावर दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो आणि न बसताच म्हणालो, हवालदार, माझ्यामुळे उशीर झाला. तुम्ही सांगत होता, मी लिहीत नव्हतो.

मला वाटलं, आता आदल्या संध्याकाळपासून सुरुवात होईल. पण त्या दिवशी त्यांनी थोडक्यात आटपलं.

"तुमी साडेतीन वर्सं लावलीत साहेब," ते म्हणाले. "आमाला तुमच्याकडं यायलाच तीस वर्सं लागली." मग त्यांनी वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

म्हातारीने त्यांच्यासाठी एक घोंगडं विणून घेतलं होतं, घरच्या मेंढरांच्या लोकरीचं, काळंभोर, जाडजूड. माझ्या पोराबरोबर वर थंडीत असतो त्याला द्या, असं सांगून ठेवलं होतं म्हणे, आणि पुतण्याने मेडलच्या दिवशी ते त्यांच्या हातात दिलं. शेवटी शेवटी तिच्या मनात काळाची सरमिसळ झाली होती. केळव्याच्या दमट हवेत त्या घोंगड्याचा काय उपयोग? अंगावर घेतलं तर माणूस उकडून निघेल. वहिनी म्हणतात, कसर लागेल, कुणाला तरी देऊन टाका. हवालदार देत नाहीत. रविवारी ते अंगणातल्या दोरीवर उन्हात घालतात आणि समोर खुर्ची टाकून बसतात. समुद्रावरून वारा येतो, वहिनींची लुगडी, नातवंडांचे कपडे फडफडत राहतात. घोंगडं तेवढं आपल्या वजनाने सरळ लोंबत असतं.