बदामची राणी कुणी टाकली?

"सुटला बिचारा," लोक म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खरं सांगू का, तुम्हीही सुटलात."

क्लचबाईंनी मान डोलावली. जिभेवर आलेलं गिळलं. गिळायची त्यांना इतकी सवय झाली होती की आता अजीर्णही होत नव्हतं.

हे नाव त्यांना रस्त्याने दिलं होतं. मोटार शिकवायच्या शाळेत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर त्या बसायच्या. पायाशी जादा ब्रेक, तोंडाला एकही नाही. "क्लच! अहो, क्लच म्हणतेय मी, वायपर नाही!" चौकातल्या न्हाव्याला हे पाठ होतं. शिकणारे रडायचे. पण पास व्हायचे.

नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. शहराच्या पोटात कुठला नळ कुठून कुठे जातो, ते त्याला डोळे मिटून सांगता यायचं. पुढे त्याला स्वतःच्या घरातली मोरी सापडेना. सुरुवातीला क्लचबाई ओरडल्या. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. थोड्या वेळाने अदबीने म्हणाला, "बाई, आपण कोण?"

त्या दिवशी त्यांनी आवाज बदलला. खालच्या पट्टीतला, साखरेत घोळवलेला. तो म्हणाला आज रविवार, तर रविवार. तो म्हणाला आई बाजारात गेलीय, तर गेलीय. त्याचं बोलणं खोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सात वर्षं त्यांनी कुणाचंच काही खोडलं नाही.

तो गेला. आवाज तसाच राहिला.

शाळेत परत रुजू झाल्या तेव्हा हे उघडं पडलं. स्टिअरिंगवर एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी दुसऱ्याऐवजी चौथा गिअर टाकला. गाडी उचक्या देऊ लागली. क्लचबाई म्हणाल्या, "छान. छान जमतंय हं." गाडी फुटपाथवर चढली आणि फळवाल्याची पाटी आडवी झाली. मालकाने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, थोडे दिवस काउंटरवर बसा. फोन घ्या."

फोन घ्या! याला रिव्हर्स घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा हा आरशात गाडी सोडून स्वतःचे केस बघायचा.

राग आला. पण त्याला बाहेर पडायची वाट आठवेना. तो घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिला.

अशात चष्मेवालीचा फोन आला. "शनिवारी पत्त्यांना ये."

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानाची मालकीण, शाळेपासूनची मैत्रीण. शनिवारची रमी पूर्वी क्लचबाईंच्याच घरी रंगायची. चौघी असायच्या. क्लचबाई, चष्मेवाली, दातांची डॉक्टर, जिला सगळ्या दातवाली म्हणत, आणि क्लचबाईंची धाकटी नणंद. नवरा आजारी पडल्यावर एका शनिवारी त्याने दातवालीच्या हातातली पानं ओढून खिशात घातली आणि तिलाच चोर म्हटलं. पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग उडत उडत कळलं, डाव दातवालीकडे हलला आहे. "तुम्हाला त्रास नको म्हणून, वहिनी," नणंद नंतर म्हणाली. सख्खा भाऊ हिचा! त्रास नको म्हणे.

तरी क्लचबाई गेल्या. भिंतींशी माणूस किती बोलणार? शिवाय पत्त्यांत आपण कुणाच्या बापाला ऐकत नाही, एवढा एक विश्वास शिल्लक होता. तो तरी खरा आहे का, ते बघायचं होतं.

पहिला डाव जिंकल्या. दुसराही. पुढच्या शनिवारीही तेच. "हात अजून तस्साच आहे हो वहिनी!" नणंद म्हणाली. क्लचबाई ताठ मानेने घरी आल्या. सोमवारी मालकाला म्हणाल्या, "मला गाडी परत हवी." तो विचार करतो म्हणाला. फार बरं वाटलं त्यांना. हे बरं वाटणंच पुढे सगळ्यात जास्त झोंबलं.

तिसरा शनिवार. क्लचबाईंनी नुकतीच उघड्या पानांतून किल्वरची राणी उचलली होती. सगळ्यांच्या देखत. पुन्हा चष्मेवालीची पाळी आली. तिने पानांवरून बोट फिरवलं. एक पान ओढलं, परत सरकवलं. मग जीभ गालात दाबून, खाली बघत, बदामची राणी टाकली.

क्लचबाईंनी ती घेतली. तीन राण्या झाल्या. "शो."

"मेले!" दातवालीने कपाळावर हात मारला. जरा जोरातच मारला.

चष्मेवाली आपली पानं घाईघाईने गड्डीत मिसळू लागली. क्लचबाईंनी तिचं मनगट धरलं.

"गुण मोजायचेत."

"अगं, फुटकळ पानं सगळी. काय मोजायचीत?"

"दाखव."

पानं उलटी झाली. बदामचा राजा. बदामचा गुलाम.

"राजा, राणी, गुलाम. लागलेला सिक्वेन्स मोडून राणी टाकलीस?"

"दिसलंच नाही गं मला."

"चष्म्यांचं दुकान आहे तुझं!"

कुणी हसलं नाही. गालात जीभ दाबलेला तो चेहरा क्लचबाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. तो ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. नवरा नियम विसरला तरी त्याला पत्ते हातात लागायचे. तो सत्ती टाकायचा आणि एक्का म्हणायचा. त्या आपला डाव मोडायच्या, खाली बघायच्या आणि म्हणायच्या, "वा! जिंकलात की!" तो टाळ्या वाजवायचा.

"टाळ्या वाजवू का मी?" त्यांनी विचारलं. "तीन शनिवार राहिल्यात वाजवायच्या."

"वहिनी, शांत व्हा. बसा बघू."

"शांतच होते! सात वर्षं शांत होते! ज्याला कळत नव्हतं तो गेला. मला कळतं. डाव उचलून पळालात ते कळलं. आता माझ्या पुढ्यात पानं टाकताय तेही कळलं. तुझा भाऊ होता ना गं तो? एखाद्या शनिवारी पत्त्यांशिवाय यायचंस."

नणंदेच्या डोळ्यांना पदर लागला.

"रडू नकोस. तू रडलीस की मला समजूत काढावी लागते. आज काढणार नाही."

चष्मेवाली उठून उभी राहिली. "झालं बोलून? आता माझं ऐक. किती वेळा आले तुझ्या दारात! साखळी न काढता फटीतून बोलायचीस. 'हे झोपलेत.' आणि आतून त्यांचं गाणं ऐकू यायचं मला. झोपेत गातात वाटतं माणसं? आम्ही पळालो, कबूल. पण तू काय पायघड्या घालून बसली होतीस?"

"त्यांची विजार ओली असायची! ती दाखवायला आत घेऊ तुला?"

"हो, घ्यायचंस! मी काय परकी होते?"

"परकी असतीस तर घेतलं असतं! परक्यांची लाज वाटत नाही."

"मग लाज वाटते म्हणून सांगायचंस! ओरडून सांगायचंस! एरवी काय कमी ओरडायचीस माझ्यावर?"

चष्मेवाली लालबुंद झाली होती. हात कमरेवर. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं, हे दिसतच होतं. क्लचबाई तिच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी उलट बोललं नव्हतं. लोक पाठीवर हात ठेवत, सुस्कारे टाकत. आणि ही बया समोर उभी राहून भांडत होती. दमही लागला होता तिला.

"दात पाडणार असाल एकमेकींचे," दातवाली म्हणाली, "तर सोमवारची वेळ घ्या. नाहीतर मी वाटते."

"वाट," क्लचबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "आणि आता जिने मला सोडलं, तिचं मी तोंड बघणार नाही."

कुणी सोडलं नाही. चष्मेवालीने हवी ती पानं छातीशी धरून ठेवली, मेली तरी हलवली नाहीत. क्लचबाईंचा एक सिक्वेन्स लागेल तर शपथ. त्यांच्या हातात चित्रंच चित्रं साठली. जोकरची वाट बघत त्या बसल्या, तोवर चष्मेवालीने पानं टेबलावर आपटली.

"शो! मोज गं तिचे. एकेक मोज."

क्लचबाईंनी पानं उलटी केली. कान तापले होते. 

"जाऊ दे ना," नणंद नाक पुसत पेन्सिल घेऊन म्हणाली. "चाळीस धरू या?"

"पुरते ऐंशी लिही," क्लचबाई ओरडल्या. "आणि पत्ते इकडे दे, मी पिसते. हिला मी आज घरी जाऊ देत नाही."