शेजारचा काढण्याचे बटण मिळणेबाबत

आमच्या मामांच्या मिशीवर तीन देशांतल्या संगणकतज्ज्ञांनी चर्चा केलेली आहे, आणि तो सगळा पत्रव्यवहार इंटरनेटवर माझ्या नावाने जाहीर आहे.

घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. (बी.एस्सी., कॉम्प्युटर.) आई-वडिलांनी केम गावी दुसऱ्याच्या रानात राबून मला शिकवलं, याची मला जाणीव आहे. मी कधी विसरलोच, तर आईला आहे! त्यामुळे सोलापुरात आमच्या घरी ज्या वस्तूला वायर असते ती माझ्याकडे येते. मिक्सर आला, इन्व्हर्टर आला, आणि धाकट्या बहिणीचं, सुरेखाचं लग्न ठरल्यावर लग्नाचा फ्लेक्सही आला.

आमच्याकडे पत्रिकेत चूक झाली तर चालते. पण मांडवाच्या दारातल्या फ्लेक्सवर कुणाचं तोंड केवढ्या गोलात आहे, यावर पुढची दहा वर्षं नाती ठरतात. वास्तुशांतीच्या फ्लेक्सवर मी मामांना विसरलो होतो. मामा सांगोल्याकडून आले, फ्लेक्स वरपासून खालपर्यंत नीट वाचला (वाचता येत नसताना!) आणि दारातूनच माघारी गेले. तेव्हापासून त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. आणि नवरीच्या पाठीशी तर मामाच उभा राहावा लागतो!

"दादा आला न्हाय तर सुरीच्या मागं कोन हुबा ऱ्हानार?" आईने डोळ्यांना पदर लावला. "येवडा शिकलास, एक तोंड चिकटवता येत न्हाय व्हय तुला?"

"येतं की! फोटो तर दे."

इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. मामांचा फोटो एकच होता. त्यांचा मेंढा सर्जा जत्रेत पहिला आला तेव्हाचा. मेंढ्याशिवाय मामा फोटोला उभेच राहत नाहीत. सर्जाच्या गळ्यात हार, कपाळावर गुलाल, पाठीवर जरीची झूल. शेजारी दोरी धरून मामा.

मी फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. देशोदेशीची भली माणसं ते पदरमोड करून बनवतात. त्यांचे उपकार मी मानतो, पण त्यात बटणं इतकी, की विमान चालवायला बसल्यासारखं वाटावं! प्रत्येक फोटोचा एक थर, प्रत्येक थरापुढे डोळ्याचं एक चित्र. डोळा मिटला की माणूस गायब. (माझाच फोटो सारखा माऊसखाली येत होता, म्हणून मी तेवढ्यापुरता माझा डोळा मिटून ठेवला.)

मग मी सर्जावर क्लिक केलं आणि डिलीट दाबलं. सर्जा गेला. सोबत मामांचा फेटा गेला, धोतर गेलं आणि मिशी गेली! मी निवडलेलं हत्यार रंग बघून उचलत होतं, आणि सर्जा पांढरा, मिशीही पांढरी. मी पुन्हा केलं, पुन्हा मिशी गेली. चौथ्या वेळी आई चहा घेऊन आली आणि किंचाळली.

"आरं, दादाची मिशी भादरलीस व्हय रं! ह्ये बघितलं तर त्यो सोयरीकच मोडंल!"

शेवटी मी सॉफ्टवेअरवाल्यांनाच लिहायचं ठरवलं. नवशिक्यांनी सूचना कराव्यात, असं त्यांच्या पानावर लिहिलेलंच होतं. शाळेत गुरुजींनी विनंती अर्जाचा जो साचा शिकवला, त्याच साच्यात मी इंग्रजीत अर्ज लिहिला. विषय: फोटोतील सत्कारमूर्ती ठेवून शेजारचा काढण्याचे बटण मिळणेबाबत. (परक्या लोकांपुढे मामा आणि मेंढा एका ओळीत लिहिणं बरं दिसेना!) खाली मागण्या: हत्यारांची नावं साध्या भाषेत असावीत. मिशीसारखी महत्त्वाची वस्तू पुसण्यापूर्वी 'नक्की का?' असं विचारावं. डोळा मिटलेला राहिल्यास आठवण करावी. पुरावा म्हणून फोटो आणि बिनमिशीचे मामा जोडले. शेवटी 'आपला आज्ञाधारक'.

आणि उत्तरं आली की! एक म्हणाला, हा माणूस खरं बोलतोय, नवशिक्यांचे हाल होतात. दुसऱ्याने रंगाऐवजी कडा बघून निवडणारं हत्यार सुचवलं. तिसरा तर देवमाणूस. त्याने लिहिलं, "बटण होईल तेव्हा होईल, तुमचं काम मी करून देतो."

त्याची फाईल आली ती लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून; तेव्हा खिडकीवर होतो, समोर परीक्षेच्या फॉर्मची रांग. फोनवर फोटो नखाएवढा दिसत होता. पांढरं, भारदस्त, कपाळाला गुलाल. मामाच! मी तो तसाच फ्लेक्सवाल्या अण्णांना पाठवला (बाकीचा फ्लेक्स त्यांच्याकडे आधीच गेला होता) आणि फोन केला.

"अण्णा, उजवीकडच्या रिकाम्या गोलात हा टाका. खाली मामांचं नाव आहेच."

"ह्योच टाकायचा ना सर? नक्की?"

"ह्योच!"

"अन् सर, डावीकडं पन येक गोल..."

"बाकी कशाला हात लावू नका अण्णा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या दारात फ्लेक्स चढला. मी मान वर केली. उजवीकडच्या सगळ्यांत मोठ्या गोलात, हारतुऱ्यांसकट, सर्जा! आणि खाली ठळक अक्षरांत मामांचं नाव, पुढे 'नवरीचे मामा'. ज्याच्या गळ्यात हार तोच सत्कारमूर्ती, असं त्या देवमाणसाने धरलं होतं, आणि शेजारचा काढून टाकला होता. तोही केसाकेसाने, इतका सुबक!

"अण्णा, मेंढा छापलात? विचारायचं तरी!" मी फोनवर ओरडलो.

"इचारलं की सर! आमी बैलांचे वाढदिवस छापतो. मेंढ्याचं काय येवडं?"

फ्लेक्स उतरवायला शिडी शोधतोय, तोवर मामांचा टेम्पो दारात. आईने माझा दंड घट्ट धरला. मामा उतरले. फेटा सावरला. फ्लेक्सकडे पाहिलं. टेम्पोवाल्याकडून खालची अक्षरं वाचून घेतली. सनईवालाही थांबला!

"ह्यो कुनी लावला?"

परदेशी देवमाणूस, सॉफ्टवेअर, अण्णा, सगळी नावं जिभेवर आली. पण आई बघत होती.

"मी, मामा."

"आरं वाघरा!" मामांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. "माझं थोबाड कोन बघतंय? सर्जाला समदा तालुका वळखतो! पर एक चुकलास. खाली माझं नाव कशापायी? त्याचं टाकायचं व्हतं की!"

आई हसता हसता रडली. मंगलाष्टकांना मामा सुरेखाच्या पाठीशी असे ताठ उभे राहिले, की जणू बक्षीस त्यांनाच मिळालंय.

अक्षता पडल्यावर मामा फ्लेक्ससमोर फोटो काढायला मला ओढत घेऊन आले आणि डावीकडे बोट दाखवून म्हणाले, "सर्जा हाय, समदे पावणे हायती. ह्या गोलात कोन हाय रं? बोडकाच दिसतोय."

मी पाहिलं. गोल कोरा करकरीत होता. डोळा मिटलेलाच राहिला होता! आणि त्या रिकाम्या गोलाखाली, लांबून दिसेल अशा लाल अक्षरांत, माझं नाव आणि पुढे बी.एस्सी. (कॉम्प्युटर)!