चिरोट्यातलं जायफळ

मंडळी, आज सकाळी चहासोबत चिरोटे केले. जायफळ किसताना एक जुनी गोष्ट आठवली.

अठ्ठ्याहत्तर साली महाल नावाच्या वस्तीतल्या सासरी मी नवीन होते. वास छान यावा म्हणून चिरोट्यांच्या साखरेत दोन अख्खी जायफळं किसली. मामंजी सहा चिरोटे खाऊन आडवे झाले, ते उठेचनात. सासूबाईंनी त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

"काय घातलं वं यात?"

झोपेसाठी बाळाला जायफळ उगाळून चाटवतात, ते तेव्हा आठवलं.

"नेहमीचंच," म्हटलं.

मामंजी दिवेलागणीला उठले.

आज चिमूटभरच घातलं. तरी आमचे हे नाश्ता करून लवंडले, तसं मीही नाकाशी बोट धरलं.

"काहून वं? जित्ता हाय मी!"

यांनाही खरं कधी सांगितलं नाही. आता सांगू का?