दोडक्याच्या मांडवातलं शून्य

तिसऱ्या आठवड्याच्या फॉर्मवरही शून्यच होतं. मी गंगापूर रोडवरच्या माझ्या घरून सुनंदाताईंना फोन लावला.

"ताई, दहा मिनिटांत एकही कीटक नाही? नीट बघताय ना?"

"सर, तीस वर्षं नर्स होते. रोज घड्याळ लावून नाडी मोजली. नव्हती तिथं कधी लिहिली नाही."

मी कीटकशास्त्रज्ञ. सगळी नोकरी द्राक्षात गेली, आणि द्राक्षाला फळ धरायला मधमाशी लागत नाही. त्यामुळे फुलांवर येणाऱ्या कीटकांचं वेड लागलं ते रिटायर झाल्यावर, जरा उशिराच. आम्ही काही हौशी मंडळींनी सर्व्हे सुरू केला. पद्धत सोपी. तारेची चौकट फुलांवर धरायची, दहा मिनिटं बसायचं, आणि चौकटीतल्या फुलावर जो कीटक बसेल त्याची एक रेघ मारायची. वेळ दहा ते चार. ती मीच ठरवलेली.

सुनंदाताईंकडे गिरणारे गावाचा भाग होता. तिथल्या हिराबाईंचा दोडक्याचा मांडव त्यांनी निवडला होता. शून्य आलं की मला दोनच कारणं सुचायची: एक तर मोजणारा पेंगतोय, नाहीतर शेतातले कीटक संपलेत. ताई पेंगणाऱ्यातल्या वाटेनात, म्हणून शनिवारी दुपारी मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो.

हिराबाई मांडवाखाली गळालेले दोडके वेचत होत्या. करंगळीएवढे, पिवळे पडलेले. दोडक्याच्या वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका आधीच असतो. नर फुलातला पराग कुणी आणून दिला तर तो वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. इथे आणून देणारा कुणी दिसत नव्हता.

"सोमवारी वेल उपटनार, सर," हिराबाई म्हणाल्या. "लय जीव लावला. पन धरतच नाय तर काय करू?"

"फवारणी कधी करता?"

"सांजची. तुमच्याच कागदावर हाय ना."

शेतकऱ्यांना वाटलेला तो कागद खरंच माझा. 'मधमाश्या दिवसा फिरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करा.' आपलं कुणीतरी ऐकतं हे पाहून मला, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं.

चारपर्यंत बसलो. शून्य. मग हिराबाईंनी चहा केला, गप्पा झाल्या. साडेपाचच्या सुमारास मी चौकट पिशवीत भरली आणि हिराबाईंनी पंप पाठीवर घेतला. तेवढ्यात सुनंदाताई म्हणाल्या, "मावशी, जरा थांबा. सर, इकडे या."

एक कळी हलत होती. वारा नव्हता. बघता बघता पाकळ्या सुटल्या आणि फिकट पिवळं फूल उघडलं. मग शेजारचं. मग मांडवभर. गोडसर वास सुटला. मी गुपचूप ताईंचे जुने फॉर्म काढले. 'उमललेली फुलं' या रकान्यात त्यांनी तिन्ही आठवडे लिहिलं होतं: 'सगळी मिटलेली.' मी फक्त शेवटचा आकडा वाचत होतो.

आधी दोन-चार माश्या आल्या. उजेड तांबूस झाला, आणि भुर्र असा आवाज करत बोटाएवढा जाड पतंग मांडवात शिरला. हा हॉक मॉथ. हवेत एका जागी थांबतो, पंख दिसतसुद्धा नाहीत, आणि लांबच लांब सोंड फुलात घालतो. दुसरा आला. तिसरा आला. एक माझ्या कानाजवळून गेला तेव्हा त्याच्या पंखांचा वारा गालाला लागला. आयुष्यभर मी हे पतंग पेटीत, टाचणी टोचलेले पाहिले होते. कामावर असलेला पतंग इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलंही नाही.

"सर, हा फुलावर बसत नाहीये," सुनंदाताई कुजबुजल्या. "मोजायचा?"

"मोजा."

"हे व्हय?" हिराबाई म्हणाल्या. "हे तर रोज येत्यात. फवारताना तोंडावर येत्यात."

पंप अजून त्यांच्या पाठीवर होता. मधमाशी वाचवायला मी जी वेळ सांगितली, तीच दोडक्याच्या पाहुण्यांची वेळ होती. आणि ही बाई माझ्या शब्दाखातर दर फवारणीला त्यांच्यावरच औषध मारत होती.

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पण हे येतात ते आधी सांगायचंत ना."

"तुमची मानसं दुपारी येत्यात, चारला जात्यात. इचारलं कवा?"

त्यांनी पंप खाली ठेवला. "आठ दिस बघते," म्हणाल्या. "मग उपटनार."

पुढच्या रविवारी सुनंदाताई स्वतः फॉर्म घेऊन आल्या. वेळ: सहा ते सहा दहा. रेघा रकान्यात मावल्या नव्हत्या, समासात गेल्या होत्या. शेऱ्यात एकच ओळ: 'फळ धरलं. वेल ठेवला.' सोबत हिराबाईंनी पाठवलेले चार कोवळे दोडके. मला दोडका आवडत नाही. भाजी केली, शिरांची चटणी केली, सगळं खाल्लं.

माझ्या कागदावर आता लिहिलंय: 'फवारणीआधी आपलं फूल कधी उमलतं ते बघा.' सर्व्हेची वेळ आता शेतातल्या माणसाला विचारून ठरते. आणि शून्य आलं की मोजणाऱ्याला फोन करण्याआधी मी बाकीचे रकाने वाचतो.