मामाचा आवाज

प्रल्हादमामा गेला त्या संध्याकाळी मी त्याला टीव्हीवर बोलताना पाहिलं. आमचं घर नल्लकुंट्यात, हॉलमध्ये शेजारपाजारची माणसं बसलेली, कुणीतरी टीव्ही लावला, आणि एका तेलुगू चॅनलवर ‘विनोदी नटाचं निधन’ अशी पट्टी सरकत होती. वर मामाचा एक जुना सीन चालू होता. पानाच्या टपरीवर बसलेला मामा, डोळे मोठे करून हीरोला काहीतरी सुनावतोय. ओठ मामाचे, मान हलवणं मामाचं, आणि आवाज भलत्याच माणसाचा. चिरका, नाकातून येणारा. माझी आई भावाच्या फोटोला घालायचा हार हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “बंद कर गं ते.” मी बंद केला. तेव्हापासून माझ्या डोक्यात जो राग आहे तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले, मराठी लिहिताना अडखळते. आईनं वाचून चुका काढल्यात. राग मात्र माझाच आहे.

मामा स्टेजवरचा माणूस होता. लग्नाचे हॉल, गणपतीचे मांडव, चौदा एप्रिलच्या सभेनंतरचा कार्यक्रम... एक माइक आणि तो, बस्स. त्याची भाषा म्हणजे आमच्या गल्लीची भाषा. मराठीत सुरू करायचा, दखनीत वळण घ्यायचा आणि तेलुगूत हशा काढायचा. त्याचा सगळ्यात गाजलेला आयटम घरमालकाचा. आजोबा नांदेडकडून इकडे नोकरीला आले तेव्हा सगळं एकच राज्य होतं. पुढे भाषेवरून वाटण्या झाल्या, नांदेड महाराष्ट्रात गेलं, आमचं शहर तेलुगू राज्यात. आजोबा जागचे हलले नाहीत, राज्यच हललं, आणि आम्ही बाहेरचे झालो. त्यात आम्ही बौद्ध, त्यामुळे भाड्याचं घर शोधताना पहिला प्रश्न ठरलेला. मामा तो घरमालक व्हायचा, पोट पुढं काढून विचारायचा, “कहाँ के रे तुम लोगां?” मग खांदे पाडून आजोबा व्हायचा, “नल्लकुंटा के साब.” “नइं, असल में कहाँ के?” “असल में बी नल्लकुंटा केच. पिछली गल्ली.” “अरे, उसके पैले?” “उसके पैले अम्मा के पेट में थे साब. वां कोई नइं पूछा, कहाँ के करके.” लोक खुर्च्या बडवायचे. तसले घरमालकही त्यात असायचे आणि तेही हसायचे.

असाच एका लग्नात त्याला कुणा डायरेक्टरनं पाहिलं आणि सिनेमात घेतलं. पहिला सिनेमा बघायला आम्ही अख्खं घर गेलो होतो. मी सात-आठ वर्षांची. मामा पडद्यावर आला, आम्ही टाळ्या वाजवल्या, त्यानं तोंड उघडलं आणि टाळ्या थांबल्या, आवाज दुसऱ्याच कुणाचा. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, “प्रल्हाद, शूटिंगच्या वेळी तुला सर्दी झाली होती का रे?” मामा रस्त्यात उभा राहून पोट धरून हसला. “हौ ताई, लई सर्दी झाली होती.” त्याच्या तेलुगूची ‘यास’, म्हणजे बोलण्याचा हेल, गावंढळ वाटते असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून डबिंगला दुसरा माणूस. ज्या बोलण्यासाठी त्याला उचलून नेलं तेच कापून टाकलं! पुढे वीसेक सिनेमे झाले. वॉचमन, पानवाला, हीरोच्या हातची थप्पड खाणारा. प्रत्येक वेळी आई विचारायची, “काय, कसं झालं?” आणि तो म्हणायचा, “सर्दी झाली ताई.” पुन्हा आम्हाला थिएटरात मात्र त्यानं कधी नेलं नाही.

तेलुगूवाल्यांना त्याचं तेलुगू चालत नव्हतं, आणि आमच्या मराठी मंडळाला त्याचं मराठी. गणेशोत्सवात दरवर्षी तो विचारायला जायचा. सेक्रेटरीकाका चष्मा पुसत म्हणायचे, “तुम्ही कलाकार आहात, वादच नाही. पण भाषा जरा... मिश्र आहे हो. आपली मुलं काय शिकतील?” मग त्याला माइक मिळायचा तो ‘चपला रांगेत ठेवा’ आणि ‘गेटासमोर स्कूटर लावू नका’ हे सांगायला. त्या सूचनाही तो अशा द्यायचा की लोक नाटकापेक्षा त्यावर जास्त हसायचे. दुसऱ्या वर्षीपासून सूचना कागदावर लिहून मिळायला लागल्या.

मग वेगळ्या राज्याचं आंदोलन आलं. बंद, मोर्चे, बसगाड्या उभ्या. मामाच्या अंगात मात्र नवीनच उत्साह. इथली जी तेलुगू बोली इतकी वर्षं सिनेमात फक्त नोकर आणि गुंड बोलायचे, तीच बोली आता टीव्हीला हवी होती. राज्य होणार हे नक्की झाल्यावर एका चॅनलनं विनोदी कार्यक्रमासाठी माणसं बोलावली. मामा म्हणाला, “मिने, आता आपल्या गळ्याला काम आहे.” आबिड्सच्या बाजारात जाऊन त्यानं नवा शर्ट घेतला. चॅनलच्या ऑफिसात सोबतीला मी गेले, कॉलेजला दांडी मारून. आत एक माझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठा माणूस बसला होता. मामानं दहा मिनिटं करून दाखवलं. तो माणूस डोळे पुसेपर्यंत हसला. मग फॉर्म पुढं ओढून त्यानं विचारलं, “अन्ना, तुम्ही मूळचे कुठले?”

मी मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो सोडत नाही याला. वीस वर्षं ज्या प्रश्नावर त्यानं मांडव हलवले तोच प्रश्न समोर आला होता. मामा नव्या शर्टाची कॉलर सारखी करत राहिला. मग हळूच म्हणाला, “नांदेड साइड.” तो माणूस म्हणाला, “अच्छा... मराठी.” आणि पेनचं टोपण लावलं. फोन करतो म्हणाला. फोन आला नाही.

मला त्या माणसाचा राग आहे, डबिंगवाल्यांचा आहे, सेक्रेटरीकाकांचा आहे. पण हा हिशोब खरा लिहायचा तर त्यात मीही येते. मी पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला कुणाच्या घरचं कोणी काही सादर करणार का, असं विचारलं होतं. मामानं तयारी केली होती. मी त्याला म्हटलं, “मामा, तू नको येऊ.” “का गं?” “तिथं सगळे नीट बोलतात.” त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, “हौ, नक्को तो नक्को.” त्या दिवशी त्यानंच मला स्कूटरवर शाळेत सोडलं आणि गेटाबाहेर कार्यक्रम संपेपर्यंत उभा राहिला.

शोकसभा मंडळातच झाली. प्रोजेक्टर लावून तोच पानाच्या टपरीचा सीन दाखवला. तोच चिरका आवाज. सेक्रेटरीकाका गहिवरून म्हणाले, “हा आवाज आपण कधीही विसरणार नाही.” मी तिसऱ्या रांगेत होते. माइक माझ्यापासून दहा पावलांवर होता. हा आवाज त्याचा नाही, एवढंच सांगायचं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही... टाळ्या वाजल्या, त्यात मीही हात हलवले.

घरी आल्यावर मी त्याच्या कॅसेटांची पेटी काढली. मामा प्रत्येक कार्यक्रम टेप करायचा, पण रेकॉर्डरचं तोंड नेहमी लोकांकडे. “माझं मला पाठ आहे,” म्हणायचा, “लोक कुठं हसले आणि कुठं खोकले, ते घरी येऊन ऐकायचं असतं.” त्यामुळे त्या चाळीस-पन्नास कॅसेटांवर हशाच हशा आहे. खुर्च्या, शिट्ट्या, रडणारी पोरं, आणि खूप मागे, विहिरीतून आल्यासारखा, मामा. मी रोज ऑफिसातून आल्यावर कान लावून ऐकत होते. एकही वाक्य धड हाती लागेना.

गेल्या आठवड्यात एका कॅसेटवर ‘घर’ एवढंच लिहिलेलं सापडलं. लावली. कुकरची शिट्टी, आईचं काहीतरी ओरडणं. स्वयंपाकघर लहान, म्हणून असेल, पण मामाचा आवाज पहिल्यांदा अगदी स्पष्ट. जाड, थोडा घोगरा, कशाचीच घाई नसलेला. “अरे, उसके पैले?” आणि रेकॉर्डरच्या तोंडाशी एक लहान मुलगी खिदळते. श्वास लागेपर्यंत हसते. ती मी आहे. मग ती मुलगी तोच आयटम स्वतः करून बघते, पुटपुटत, लाजत, आणि मामा तिला मध्येच अडवतो.

“असं नाही मिने. आवाज सोड. शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.”

ती मुलगी पुन्हा पुटपुटते. टेप तिथंच संपते.